स्वतःच्या मातीला

"हात तर गरम आहे," असं म्हणून ओगुटूनं माझा हात सोडला, आणि खात्री पटली नसावी म्हणून पुन्हा धरला. नैरोबीच्या मोठ्या पोस्टात भर दुपारी तिकिटांच्या रांगेत उभे होतो आम्ही. तो माझ्या पुढं होता. सहज मागं वळला, मला बघून पुन्हा पुढं तोंड केलं, आणि मग त्याची मानच ताठ झाली. मी त्याला आधीच ओळखलं होतं. मिशनच्या शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. त्याच्या डाव्या भुवईवरची खोक माझ्या गोफणीची. पण गेले चौदा महिने या शहरात ओळखीचं कुणी दिसलं की मी जे करतो तेच केलं. चष्मा काढून पुसायला लागलो, आणि त्यानं हात धरल्यावर इंग्रजीत म्हणालो, की माफ करा, आपली काहीतरी गफलत होतेय. "गफलत?" ओगुटू आमच्या भाषेत एवढ्या मोठ्यानं ओरडला की खिडकीतल्या बाईचा शिक्का हवेतच थांबला. "अरे ओबुया, गाढवा, खड्डा खणलाय मी तुझा! मी आणि तुझा भाऊ ओडेरो. तीन दिवस कंबर धरून बसलो होतो नंतर. आपल्या साक्व्याची जमीन उन्हाळ्यात कशी होते, विसरलास? तू मेलास ना, बाबा! नऊ वर्षं झाली तुला जाऊन." रांगेतले लोक हसले. मलाही हसू आलं. ओगुटूनं मला दंडाला धरून बाहेरच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं.

मग त्यानं सगळं सांगितलं; एखाद्या तिसऱ्याच माणसाची हकीकत सांगावी तसं, मधेमधे माझ्या गुडघ्यावर थापा मारत. माझी पत्रं बंद झाली. त्यांची पत्रं गेली ती परत आली. दोन वर्षं, तीन वर्षं वाट बघितली. मग एका पावसाळ्यात ओडेरोच्या पहिल्या बायकोची दोन पोरं महिन्याभराच्या अंतरानं गेली, पाठोपाठ तीही गेली, तेव्हा घरातले लोक देवऋष्याकडं गेले. तो म्हणाला, या घरातला एक जण परक्या मुलखात मरून पडलाय, त्याच्यासाठी कुणी रडलेलं नाही, म्हणून तो घराकडं असा येतोय. प्रेत कुठून आणणार? मग जे करतात ते केलं. यागोचं फळ आणलं. आमच्याकडं ही झाडं ओढ्याकाठी असतात, दोरीला टांगल्यासारखी हात-दीड हात लांबीची जड फळं लोंबतात त्यांना. ज्याचं शरीर मिळत नाही त्याच्या जागी ते पुरायचं. "चांगलं मोठं निवडलं हां तुझ्यासाठी," ओगुटू म्हणाला. "नव्या ब्लँकेटात गुंडाळलं. तुझं घर पडलं होतं, ते आधी उभं केलं, बिनघराच्या माणसाला पुरायचं कुठं? रीतीप्रमाणे गुरं दौडवली, भाले नाचवले, चार दिवस सगळा गाव जेवत होता. लई मोठी माती झाली तुझी. तुझ्या बापाची नव्हती झाली एवढी." मी विचारलं, आई? थाप मारायला उचललेला हात त्यानं खाली घेतला. "आहे. डोळे गेलेत तिचे. रोज सकाळी तुझ्या कबरीशी जाऊन बसते आणि गावातल्या बातम्या सांगते तुला." मग माझ्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाला, "आणि काय रे, हे दात कुठून आले तुला? बोलणं पण बदललंय तुझं. जीभ परकी झालीय."

दात इंग्लंडातले, लीड्सचे. आमच्यात पोरगा मोठा झाला की खालचे पुढचे सहा दात काढायचे. मिशनवाल्यांना ते पसंत नव्हतं, माझ्या बापाला मिशन पसंत नव्हतं, आणि अकराव्या वर्षी मी तोंडात रक्त घेऊन न रडता उभा राहिलो तेव्हा बापाचा चेहरा जसा फुलला होता तसा मी शाळेत पहिला आलो तेव्हाही फुलला नाही. पुढं शिकायला लीड्सला गेलो, तिथं जिच्याबरोबर राहायला लागलो ती मार्गारेट म्हणाली, तू हसताना तोंडावर हात का धरतोस? मी धरत होतो हे मलाच माहीत नव्हतं. मग दंतवैद्याकडं गेलो. पाण्याच्या पेल्यात ठेवायचे सहा गुलाबी-पांढरे दात घेऊन आलो आणि त्या दिवसापासून माझं बोलणं घट्ट झालं, साहेबासारखं. सगळ्यांना आवडलं. साक्व्यात आकेयो नावाची माझी बायको आहे, रीतसर गुरं देऊन केलेली, हे मार्गारेटला सांगायचं होतं. साक्व्याला मार्गारेटबद्दल कळवायचं होतं. दोन्ही पत्रं मनात लिहून तयार होती. पण आईला पत्र लिहिलं की ते पाद्री वाचून दाखवणार, सगळं अंगण ऐकणार, आकेयो कोपऱ्यात धान्य पाखडता पाखडता ऐकणार, हे डोळ्यांपुढं यायचं आणि मी हवामानाबद्दल लिहायचो. इथं बर्फ पडतो. मी बरा आहे. मग हवामानाचंही लिहिणं जड व्हायला लागलं. घर बदललं तेव्हा नवा पत्ता कळवला नाही. मी कुणाला टाकलं नाही, मी फक्त पुढच्या आठवड्यात लिहिणार होतो. असे आठवडे साठत गेले, आणि त्यातल्याच एका आठवड्यात तिकडं माझ्यासाठी खड्डा खणत होते.

त्या दिवशी पोस्टातून मी तसाच कॉलेजात गेलो. तास होता. हसण्यासारखी गोष्ट अशी की मी आफ्रिकी कादंबरी शिकवतो. फळ्यावर 'परंपरा आणि पाश्चात्त्य प्रभाव' असं मोठ्या अक्षरात लिहायचं, मधोमध रेघ मारायची, डावीकडं हे आणि उजवीकडं ते. कादंबरीतला नायक शिकून परत येतो, आणि त्याला घर राहिलेलं नसतं. पोरं हे वहीत उतरवून घेतात. गेल्याच महिन्यात मी यागोच्या फळाबद्दलही सांगितलं होतं. कुणा गोऱ्या पंडिताच्या पुस्तकातून, त्याच्याच शब्दांत: प्रतीकात्मक दफन. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, आणि तो माणूस परत आला तर?" मी म्हणालो, परीक्षेला नाही ते. वर्ग खूप हसला. तेच मी ओगुटूलाही विचारलं होतं, पायऱ्यांवर बसून. त्यानं भुवईवरची खोक खाजवली. "त्याला रीत नाही," तो म्हणाला. "पुरलेला कुणी कधी आलाच नाही, तर रीत कुठून असणार? म्हाताऱ्यांना बसावं लागेल. सहा महिने भांडतील, एक बोकड खातील, आणि मग म्हणतील ज्यानं-त्यानं आपलं बघावं. मी काही गावात बोलणार नाही, तुझं तू बघ." फळ्यापुढं खडू घेऊन मी उभा राहिलो आणि त्या दिवशी मला रेघ मारता आली नाही. डोकं दुखतंय म्हणून वर्ग सोडून दिला.

नैरोबीत वुडली वस्तीतल्या एका साहेबी बंगलीत मी एकटाच आहे आता. मार्गारेट माझ्याबरोबर आली होती, चार महिने राहिली. तोवर आकेयोचं तिला सांगून टाकलं होतं. जहाजावर, समुद्र लागून ती आडवी पडलेली असताना, म्हणजे पळून जायची सोय नाही तेव्हा. तिनं तेही सोसलं. पण दर रविवारी विचारायची, तुझ्या आईकडं कधी जायचं? मी म्हणायचो, पाऊस आहे, रस्ते खराब आहेत, परीक्षा आहेत. शेवटी एकदा तिनं विचारलं, "तुला माझी लाज वाटते की त्यांची?" मला दोघांचीही वाटत नव्हती, माझी स्वतःची वाटत होती, पण ते तेव्हा सुचलं नाही. ती गेली तेव्हा मी विमानतळावर तिची बॅग उचलून दिली आणि दोघंही एकमेकांशी फार सभ्यपणानं वागलो. तिच्याबद्दल वाईट वाटतं. पण ती मला बार्नबस म्हणायची, माझ्या मिशनच्या नावानं. सगळेच म्हणतात. ओबुया हे माझं नाव आहे. आई शेतात निंदायला गेली आणि तणातच मी झालो, म्हणून ओबुया. पंधरा वर्षांत पोस्टातल्या त्या दुपारपर्यंत या नावानं मला एकानंही हाक मारली नव्हती. खुर्चीत बसून मी ते नाव मोठ्यानं म्हणून बघितलं, तर ते त्या दातांमागून कुणा दुसऱ्याचंच वाटलं. मला बाकी काही नको होतं, खरंच सांगतो. जमीन नको, बायको नको, म्हाताऱ्यांचा न्यायही नको. आईनं मला एकदा 'ओबुया' म्हणावं, बस्स. शुक्रवारी सकाळी मी किसुमूच्या गाडीत बसलो.

किसुमूला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बोंडोपर्यंत खटारा मिळाला, तिथून पुढं पायी. रस्ता पायांना आठवत होता, मला नाही. शेराच्या कुंपणापाशी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. फाटकातून आत शिरायला पाय उचलेना. माझं घर फाटकाजवळच्या बाजूला, जिथं थोरल्या मुलाचं असतं तिथंच होतं. पत्रा नाही, गवताचंच, पण नीट शाकारलेलं. मी असतो तर इतकं नीट राहिलं नसतं. आणि त्याच्या उजव्या अंगाला मातीचा लांबट उंचवटा, कडेनं दगड लावलेले, वर एक पान पडलेलं नाही. मी बघत राहिलो. स्वतःची कबर बघून माणसाला भीती वाटत असेल असं मला वाटलं होतं. मला हेवा वाटला. एवढी निगा कुणी ठेवतं आपली, आणि आपण त्या वुडलीत डबे उघडून खातो.

"आत येऊ नकोस," मागून आवाज आला. आकेयो होती. डोक्यावरची पाण्याची घागर तिनं खाली ठेवली, सावकाश, एक थेंब न सांडता. ती किंचाळली नाही. "चालण्यावरून ओळखलं मी वळणापासूनच," ती म्हणाली. "अजून पाय ओढतच चालतोस. आधी वाटलं, भास आहे. मग म्हटलं, भासाला कशाला बूट लागतात." मी म्हणालो, आकेयो. पुढं काय बोलावं हे पंधरा वर्षांत मी ठरवलेलं नव्हतं. तिनं पदरासारखा बांधलेला कपडा घट्ट केला. ती जाड झाली होती, आणि तिच्या कपाळावर एक आडवी आठी होती जी मी सोडून गेलो तेव्हा नव्हती. "कुठं होतास?" तिनं विचारलं. मी म्हणालो, नैरोबीत. "किती दिवस?" चौदा महिने. ती हसली, आणि ते हसणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं. "एक दिवसाची गाडी आहे ना तिथून?"

मग ती कुंपणाच्या सावलीत बसली आणि मलाही बस म्हणाली, मधे दोन हात जागा ठेवून. "मी डोकं भादरलं तुझ्यासाठी. तुझा जुना सदरा घालून वर्षभर हिंडले, विधवेनं हिंडायचं तशी. मग ओडेरोनं मला ठेवून घेतलं. तीन मुलं झाली. तुझ्याच नावाची आहेत. शाळेत ओबुयाची मुलं म्हणून सांगतात, बाप कुठाय विचारलं की तिकडं बोट करतात." तिनं उंचवट्याकडं हात केला. मी म्हणालो, ओडेरो कुठाय? "सरोवरावर. मासे घेऊन येईल संध्याकाळी. चांगला माणूस आहे तो. स्वतःची म्हणून एकदाही मिरवलं नाही मुलांना." थोडा वेळ ती गवताची काडी मोडत राहिली. "आता तू सांग. तू शिकलेला आहेस. मेलेल्या भावाची बायको सांभाळली तर ते पुण्य. जिवंत भावाची ठेवली तर काय? आणि त्याचं फळ कुणाला भोगावं लागतं? धाकटी तीन वर्षांची आहे माझी." यावर मी वर्गात एक तासभर बोलू शकतो. दोष कसा मुलांवर उतरतो, अंग कसं झडत जातं, या समजुतीमागं समाजाची काय गरज आहे, वगैरे. तिथं शेराच्या सावलीत त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. उलट मला पहिल्यांदा ती धाकटी डोळ्यांपुढं दिसली, आणि भीती वाटली. चांगलीच वाटली. "मी अडवत नाही तुला," आकेयो म्हणाली. "आई तुझी आहे. तू हाक मारलीस तर ती ओळखेलही. पण मग सगळं खणून काढावं लागेल, ओबुया. सगळंच."

म्हणजे नाव तिनं घेतलं. मला ते ऐकू आलं, पण त्यानं पोट भरलं नाही.

"आकेयो, कुणाशी बोलतेस गं?" समोरच्या घरातून आई आली. एक हात भिंतीला, एका हातात काठी. इतकी लहान झाली होती ती. माझ्या आठवणीत ती कापसाचं अख्खं गाठोडं डोक्यावर घेऊन सरोवरापर्यंत जायची. डोळे दुधासारखे झालेले. मी उठून उभा राहिलो. आकेयो माझ्याकडं बघत होती, काही न सांगता, काही न मागता. आणि मला वाटतं तिनं मागितलं असतं तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. "पाहुणा आहे," आकेयो म्हणाली. "कुणाचा मुलगा?" आईनं विचारलं. आमच्यात हा पहिला प्रश्न. याचं उत्तर तीन शब्दांचं होतं. खालचे दात काढून हातात घेतले असते, तर फटीतून फुसफुसणारा माझा जुना आवाज आला असता आणि बाकीचं तिनंच ओळखलं असतं. माझी जीभ त्या दातांना लागली सुद्धा. मी दात तसेच ठेवले आणि म्हणालो, "मी लांबून आलोय, आई. इंग्लंडमध्ये ओबुया आणि मी एका घरात राहायचो."

ती गडबडली. काठी पडली, ती आकेयोनं उचलून दिली. "तिथून? त्याच्या गावाहून? अगं, नऊ वर्षांत तिथून एक माणूस आलं नाही. आणि तू याला बाहेर बसवलंस? बाळा, बोलू नको काही, पाणी पिऊ नको, आधी रडून घे. उशीर झाला तरी चालेल. त्याला कळू दे तू आलास ते." उशिरा आलेल्या माणसानं कबरीपाशी जाऊन मोठ्यानं रडायचं, मेलेल्याला नावानं हाका मारायच्या, मगच अन्नपाणी घ्यायचं, हे मला शिकवायला नको होतं. मी माझ्या मातीला आलो होतो आणि मला रडणं भाग होतं. उंचवट्यापाशी गेलो. हाक मारली. "ओबुया! ओबुया, असा कसा गेलास रे? आईला न सांगता कसा गेलास?" लाज वाटेल असं वाटलं होतं, पण एकदा सुटल्यावर थांबेना. बापाच्या मातीला नव्हतो त्याचं रडलो, मार्गारेटचं रडलो, ब्लँकेटात गुंडाळलेल्या त्या बिचाऱ्या फळाचंही रडलो. मग माझ्या शेजारी, अगदी कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, आईचा आवाज निघाला. "ओबुया! माझ्या ओबुया! ऊठ, बघ कोण आलंय. तुझा माणूस आलाय रे, ओबुया!" मातीकडं तोंड करून ती माझं नाव घेत होती. सात-आठ वेळा घेतलं असेल. मी मोजलं नाही.

नंतर तिनं मला सावलीत बसवलं आणि पेज दिली, वाळवलेला मासा दिला. आकेयो लांब चुलीपाशी पाठ करून बसली होती. "आता सांग," आई म्हणाली. "कशानं गेला?" मी म्हणालो, तापानं. "फार दिवस?" नाही, आठवडाभर. "त्याला अंघोळ कुणी घातली?" मी घातली, मी म्हणालो. "तोंडात पाणी?" तेही मीच. ती मान हलवत होती, एकेक उत्तर नीट जागेवर ठेवत असल्यासारखी. तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि मला वाटत होतं की आता बोटं वर सरकतील, कोपराच्या वर, तिथं लहानपणी भाजल्याचा डाग आहे. सरकू देत असं वाटत होतं, आणि नको असंही वाटत होतं. बोटं जागची हलली नाहीत. "शेवटी त्यानं मला हाक मारली का?" मी म्हणालो, मारली. पुष्कळ वेळा मारली. आई हळूच हसली. "नाही मारली," ती म्हणाली. "मारली असती तर मला ऐकू आली असती. आईला येते ऐकू. पण तू भला आहेस हो. म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोललास. दुसऱ्याच्या आईसाठी कोण एवढं करतो?" मासा हातात तसाच होता. तिनं चाचपून वाटी माझ्याकडं सरकवली, खा म्हणाली, मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, "तुझी आई आहे ना रे?"

"आहे," मी म्हणालो.

"मग ऊठ बाबा," ती म्हणाली. "मला मेलीला काय बघत बसलायस? तिच्याकडं जा."

तिनं माझं मनगट सोडलं. मी उठलो.